पेशी कुणाची? : ‘हेन्रिएटा लॅक्स’ आणि जीवशास्त्राचा पहिला तास

रिबेका स्क्लूट यांचे ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ हे पुस्तक २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याविषयीची चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न वैद्यकीय नीतीचा : रुग्णाला न विचारता त्याच्या शरीराचा तुकडा संशोधनासाठी घ्यावा का? दुसरा वंशाचा आणि पैशाचा : एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशींवर जगभर संशोधन आणि व्यापार उभा राहिला आणि तिच्या मुलांना मात्र स्वतःच्या औषधपाण्याची भ्रांत पडली, हे कसे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या पुस्तकात तिसराही एक प्रश्न आहे आणि तो पहिल्या पानांपासून शेवटापर्यंत वाहत राहतो. जीवशास्त्र ज्याने कधी शिकलेले नाही, त्याला ते पहिल्यांदा शिकवायचे कसे? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पुस्तक वाचण्याचा प्रयत्न केला आहे. तसे वाचले की एरवी किरकोळ वाटणारे प्रसंग मध्यभागी येतात, आणि पुस्तकातली एक उणीवही नजरेत भरते.

मूळ कथा थोडक्यात अशी. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई. १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारांसाठी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. तिथे तिच्या गाठीचा एक तुकडा, तिला न विचारता, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. शरीराबाहेर वाढवलेल्या मानवी पेशी तोवर काही काळाने मरत. या पेशी मेल्या नाहीत. साधारण दर चोवीस तासांनी दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१व्या वर्षी वारली. नाव आणि आडनाव यांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘हेला’ म्हटल्या गेलेल्या तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत पसरल्या. पोलिओच्या लसीच्या चाचणीपासून जनुकांच्या नकाशापर्यंत असंख्य कामांत त्या वापरल्या गेल्या. कुटुंबाला याचा पत्ता लागला तो १९७३ मध्ये.

उघड्या दाराचे महाविद्यालय

हे पुस्तक जिथे जन्मले ती जागा प्रयोगशाळा नाही आणि रुग्णालयही नाही. ती आहे ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका सामुदायिक महाविद्यालयातली जीवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची व्याख्यानाची खोली. साल १९८८. स्क्लूट तेव्हा सोळा वर्षांची होती. नेहमीच्या शाळेत ती फिरकलीच नाही म्हणून पहिल्या वर्षी नापास झालेली. ज्या पर्यायी शाळेत ती गेली तिथे स्वप्नांचा अभ्यास हा विषय होता, जीवशास्त्र नव्हते. ते श्रेयांक भरून काढण्यासाठी ती महाविद्यालयाच्या वर्गात येऊन बसली.

अशी मुलगी महाविद्यालयाच्या वर्गात बसू शकते, हेच त्या संस्थेचे वैशिष्ट्य. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटले की आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतले कौशल्यशिक्षण आठवते. अमेरिकेतली संस्था वेगळी आहे. तिथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, शुल्क कमी असते आणि प्रवेशाला गुणांची अट जवळजवळ नसते. दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते किंवा एखादा व्यवसाय धरता येतो. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सहा विद्यार्थ्यांवर असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले आणि अशा संस्थांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. आज त्यांची संख्या एक हजाराच्या आसपास आहे. नोकरी करून शिकणारे, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारे, मुले मोठी झाल्यावर परत आलेल्या बाया, नुकतेच देशात आलेले स्थलांतरित, असे सगळे तिथल्या बाकांवर शेजारी-शेजारी बसतात.

पण उघडे दार हा अर्धाच भाग झाला. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील अशा महाविद्यालयाचा अभ्यास करून १९६० मध्ये एक कडवट निष्कर्ष मांडला. ही महाविद्यालये सर्वांना आत घेतात आणि मग त्यांतल्या अनेकांच्या महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड करतात. त्यासाठी वापरलेली संज्ञा त्याने अर्व्हिंग गॉफमनकडून घेतली होती आणि गॉफमनने ती भामट्यांच्या बोलीतून उचलली होती. फसवलेल्या माणसाने पोलिसांत जाऊ नये म्हणून टोळीतला एकजण मागे राहून त्याची समजूत घालतो, त्याला थंड करतो. चाचण्या, समुपदेशन, ‘प्रगती असमाधानकारक’ असे शेरे, या साऱ्यांतून विद्यार्थ्याला शेवटी वाटू लागते की दार आपणच लावून घेतले.

क्लार्कने जीवशास्त्राचा वेगळा विचार केलेला नाही. पण त्याचा निष्कर्ष या विषयाला विशेष लागू पडतो. परिचारिका व्हायचे असेल, दंतवैद्याची सहायक व्हायचे असेल, तर शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र ही चाळण पार करावी लागते आणि बहुधा तिच्याही आधी प्राथमिक जीवशास्त्र येते. ठरावीक गुण मिळाले तर पुढे, नाहीतर दुसरा रस्ता. त्या बाकांवरच्या अनेकांसाठी सूत्री विभाजनाच्या अवस्था हा ज्ञानाचा विषय नसतो, तो रोजीरोटीचा उंबरठा असतो.

फळ्यावरचे नाव

स्क्लूटच्या पुस्तकाचे प्रास्ताविक या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावे. डॉनल्ड डेफ्लर हे अध्यापक पेशीविभाजन शिकवत आहेत. पडद्यावर पेशीचक्राच्या आकृत्या आहेत, बाण आहेत, न समजणारे शब्द आहेत. विभाजनातली एक चूक कर्करोगाला पुरेशी होते, हे ते सांगतात. आणि हे आपल्याला कळले कशामुळे, असे म्हणत ते फळ्यावर ठळक अक्षरांत एक नाव लिहितात : हेन्रिएटा लॅक्स. तिच्या पेशींची हकिकत सांगतात. तास संपतासंपता ती कृष्णवर्णीय होती एवढे सांगून एका फटक्यात नाव पुसतात आणि हातावरचा खडू फुंकून टाकतात. मुले उठून जातात. एक मुलगी मात्र त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीपर्यंत जाते. ती बाई कुठली होती? तिला मुले होती का? अध्यापक सांगतात की तिच्याविषयी कुणालाच काही माहीत नाही.

या प्रसंगाकडे ‘एका चांगल्या शिक्षकाने ठिणगी टाकली’ अशा भाबड्या नजरेने पाहिले जाण्याची शक्यता मोठी आहे. पण प्रसंग तितका सरळ नाही. नाव लिहिणारा आणि नाव पुसणारा हात एकच आहे. ‘कुणालाच माहीत नाही’ हे उत्तरही खरे नव्हते. १९७६ मध्येच मायकेल रॉजर्स या पत्रकाराने ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लॅक्स कुटुंबाविषयी लिहिले होते. १९८६ मध्ये मायकेल गोल्ड यांचे ‘अ कॉन्स्पिरसी ऑफ सेल्स’ हे हेला पेशींच्या प्रादुर्भावावरचे पुस्तक आले होते. माहिती छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती वर्गापर्यंत आलेली नव्हती. यात डेफ्लर यांचा दोष काढण्याचे कारण नाही. नाव लिहिणे हेच त्यांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन केलेले काम होते. दोष आहे तो वर्गात काय पोहोचते आणि काय बाहेर राहते हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचा. आणि त्या व्यवस्थेचे मुख्य साधन म्हणजे पाठ्यपुस्तक.

कंसातली बाई

स्क्लूट घरी जाऊन पाठ्यपुस्तकाची सूची उघडते. हेन्रिएटा तिला सापडते ती एका कंसात : या पेशी १९५१ पासून वाढत आहेत आणि त्या अमुक स्त्रीच्या गाठीतून आल्या, एवढेच. ज्ञानकोशात आणि शब्दकोशात तेवढेही नाही.

अमेरिकन प्राथमिक जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सर्वांत प्रभावी ठरलेले पुस्तक म्हणजे नील कॅम्पबेल यांचे ‘बायॉलॉजी’. त्याची पहिली आवृत्ती १९८७ची. कॅम्पबेल यांनी कॉर्नेल विद्यापीठाप्रमाणेच सॅन बर्नार्डिनो व्हॅली कॉलेज या सामुदायिक महाविद्यालयातही शिकवले होते आणि तिथे त्यांना उत्कृष्ट अध्यापकाचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे उघड्या दारातून आत येणारा विद्यार्थी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला होता. पुस्तकाची मांडणी स्वच्छ आहे, आकृत्या देखण्या आहेत. २००४ मध्ये कॅम्पबेल वारले. पुस्तक इतर लेखकांनी पुढे चालवले आणि आता ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यातही हेला पेशींचा उल्लेख पेशीचक्राच्या प्रकरणात, याच थाटात येतो.

या पुस्तकाला एक कथानक आहे, असे मला वाटते. आधी रसायन, मग पेशी, मग जनुके, मग उत्क्रांती, मग जीवांची विविधता, वनस्पती, प्राणी आणि अगदी शेवटी परिसर. लहानाकडून मोठ्याकडे. तर्काला हा क्रम पटतो. पण तो कुणासाठी रचला आहे? जो विद्यार्थी हजाराहून अधिक पाने पार करून पुढे याच विषयात जाणार आहे, त्याच्यासाठी. एकच सत्र करून थांबणाऱ्याला या कथानकाचा पूर्वार्धच भेटतो. त्याच्या हाती रेणूंचे बंध आणि विभाजनाच्या अवस्था लागतात. ज्यात माणूस, रोग, शेती, नदी आहे तो भाग त्याच्या वाट्याला येत नाही. कादंबरीतली पात्रे मंचावर येण्याआधीच त्याला सभागृहाबाहेर जावे लागते. हेन्रिएटा कंसात का गेली याचे उत्तर या रचनेत आहे. त्या पानावर पेशी हा नायक आहे. ती जिची, तिला कथानकात जागाच नाही.

‘सेल’ म्हणजे कोठडी

१९७३ मध्ये हॉपकिन्सचे संशोधक लॅक्स कुटुंबाकडे आले ते रक्ताचे नमुने मागण्यासाठी. हेला पेशी इतर पेशींत मिसळून गोंधळ झाला होता आणि तो निस्तरायला कुटुंबाच्या जनुकांची माहिती हवी होती. हेन्रिएटाचा नवरा डे लॅक्स केवळ चार वर्षे शाळेत गेलेला. फोनवर त्याच्या कानी पडले ते एवढेच की त्याच्या बायकोचे काहीतरी अजून जिवंत आहे. ‘सेल’ हा शब्द त्याला एकाच अर्थाने ठाऊक होता : त्याचा मुलगा तेव्हा ज्या तुरुंगात होता, तिथली कोठडी. मुलांची कर्करोगासाठी तपासणी होत आहे, अशी समजूत करून घेऊन कुटुंबाने रक्त दिले.

पुस्तकातला हा सर्वांत अर्थगर्भ प्रसंग आहे आणि त्याला ‘अडाणीपणा’ म्हणून बाजूला सारणे फार सोपे आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकातून जे कप्पे पाहिले त्यांना त्याने लहान खोलीचाच शब्द दिला. मठातल्या साधूची खोली, मधमाशीचा कप्पा आणि कैद्याची कोठडी यांना इंग्रजीत तोच शब्द आहे. डे लॅक्सने शब्दाचा मूळ अर्थ बरोबर धरला होता. विज्ञानाने त्या शब्दाचा अर्थ बदलला होता आणि ते त्याला कुणी सांगितले नव्हते.

आपल्या ‘पेशी’चे काय? विदर्भात कोर्टाची तारीख म्हणजे पेशी. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि जीवशास्त्रातल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. आपण वर्गात पहिल्या दिवशी ‘पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक आहे’ असे सांगतो, तेव्हा समोरच्या मुलाच्या मनात यांतली कोणती पेशी असते, याची चौकशी क्वचितच होते.

ग्रंथ दिला, शिकवले नाही

हेन्रिएटाची मुलगी डेबोरा हिची कहाणी तर शिक्षणाचीच कहाणी आहे. रक्त द्यायला हॉपकिन्समध्ये गेली असता तिने व्हिक्टर मकक्यूझिक या ख्यातनाम जनुकशास्त्रज्ञाला आपल्या आईविषयी विचारले. त्यांनी तिला वैद्यकीय आनुवंशिकीचा आपण संपादित केलेला ग्रंथ स्वाक्षरी करून दिला. त्यात तिच्या आईचे छायाचित्र होते. भोवतीचा मजकूर तिला कळणे शक्य नव्हते. पुढे कित्येक वर्षे ती शब्दकोश घेऊन तुकड्या-तुकड्यांनी वाचत राहिली आणि त्या वाचनातून भीतीच वाढत गेली. आईच्या प्रतिकृती लंडनच्या रस्त्यांवरून हिंडत असतील, असेही तिला वाटू लागले होते.

या ग्रंथात छायाचित्र होते, म्हणजे ‘माणूस’ आणलेला होता. तरीही शिकवणे घडले नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आज पाठ्यपुस्तकांत चेहरे आणि नावे भरण्याकडे कल आहे. त्याचा उपयोग नाही असे नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एका सामुदायिक महाविद्यालयात जेफ्री शिन्स्के आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सत्रभर निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या शास्त्रज्ञांविषयी वाचायला आणि लिहायला दिले. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वैज्ञानिक म्हणजे कोण, याविषयीची विद्यार्थ्यांची ठोकळेबाज कल्पना बदलली आणि त्या चित्रात त्यांना स्वतःला पाहता येऊ लागले. पण तिथे विद्यार्थी उत्तर लिहीत होते, स्वतःचे म्हणणे मांडत होते. डेबोराला ती संधी मिळाली नव्हती.

ती मिळाली २००१ मध्ये. ख्रिस्टोफ लेंगाउअर या हॉपकिन्समधल्या तरुण संशोधकाने डेबोरा आणि तिचा भाऊ झकारिया यांना प्रयोगशाळेत बोलावले. शीतकपाटातली कुपी डेबोराच्या हातात दिली. तिने ती तळहातांत धरून ऊब दिली, तिच्याशी बोलली. पेशी आणि डीएनए यांचा संबंध त्याने समजावून सांगितला. पडद्यावर विभाजित होणाऱ्या पेशी दाखवल्या. तिला वाटेल ते विचारू दिले. आणि तुमच्या कुटुंबाशी इथे नीट वागणूक झाली नाही, हे कबूल केले. विषय तोच होता : पेशीविभाजन. डेफ्लर यांच्या वर्गातल्या आकृत्यांत जे होते तेच. फरक असा की इथे ‘ही पेशी काय करते’ आणि ‘ही पेशी कुणाची’ हे दोन्ही प्रश्न एकाच खोलीत विचारता आले. मला वाटते, पुस्तकातला जीवशास्त्राचा पहिला खरा तास हा आहे.

पुस्तकाची उणीव

इथे स्क्लूटच्या लेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रास्ताविकातून बाहेर पडताना ती सामुदायिक महाविद्यालय मागे सोडते ते कायमचे. पुढे तिने विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली, लेखनाचे शिक्षण घेतले. कवी-कादंबरीकार फ्लॉइड स्क्लूट यांची ती मुलगी. शाळेत नापास झाली तरी घरात ज्ञानकोश होता. त्या तासाला तिच्या आजूबाजूला बसलेल्यांकडे काय होते, हे पुस्तक विचारत नाही. एका विद्यार्थिनीच्या असामान्य प्रवासाने क्लार्कचा निष्कर्ष खोटा ठरत नाही.

शिवाय स्क्लूट आपल्या अध्यापकाच्या मागोमाग त्याच्या खोलीपर्यंत जाऊ शकली, कारण त्याला खोली होती. आज या महाविद्यालयांतले बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ आहेत. एका गावातला तास संपवून दुसऱ्या गावातल्या तासाला गाडी हाकणारे. कित्येकांना स्वतःची खोली नसते. तासानंतर प्रश्न घेऊन मागे येणाऱ्या मुलीला ते कुठे भेटणार? स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की नुसत्या व्याख्यानाने शिकवलेल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते आणि विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हा फरक मोठा आहे. पण तसे शिकवायला तयारीचा वेळ लागतो, आणि तासावर पगार घेणाऱ्याला तो वेळ कोण देणार, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

आपल्या बाजूने

मराठी वाचकाला यातून काय मिळते? उघड्या दाराचा अनुभव आपल्यालाही आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला जातो आणि तंतुकणिका एका रात्रीत मायटोकाँड्रिया होते. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘धागा’ आणि ‘कण’ असाच आहे. आपला शब्द त्याचे नेमके भाषांतर आहे. मुलाला आधी येत असलेली गोष्ट त्याला पुन्हा परकी करून दिली जाते आणि त्या परकेपणाला आपण ‘विज्ञान कठीण आहे’ असे नाव देतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मराठी विज्ञानपुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या आकलनात सुधारणा दिसली होती.

मात्र सोपा शब्द हा पूर्ण इलाज नव्हे. प्रकाशसंश्लेषण हा शब्द आपल्याकडे शाळकरी मुलालाही म्हणता येतो. ओंडक्याचे वजन कुठून आले, असे विचारा. बहुतेक उत्तरे ‘मातीतून’ किंवा ‘पाण्यातून’ अशी येतील. ते मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येते, हे पटायला जड जाते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पदवीदान समारंभात नव्या पदवीधरांना हाच प्रश्न विचारल्याचे चित्रीकरण आहे आणि तिथेही अनेकांची हीच गत झाली. म्हणून उघड्या दारातून आलेल्यांना ‘कच्चे’ म्हणण्याआधी जरा थांबावे. कच्चेपणा वर्गाच्या पद्धतीतच असू शकतो : शब्द दिला जातो, प्रश्न मागितला जात नाही.

ओंडका कुठून आला, पेशी कुणाची, हे प्रश्न अभ्यासक्रमाला अडथळा वाटतात, कारण त्यांना वेळ लागतो आणि त्यांवर चार पर्यायांचा प्रश्न काढणे अवघड असते. पण डे लॅक्सपासून डेबोरापर्यंत या कुटुंबाने जे सोसले त्यातला एक भाग तरी असा होता की तो एखाद्या बऱ्या प्राथमिक वर्गाने हलका केला असता. पेशी म्हणजे कोठडी नव्हे, प्रतिकृती म्हणजे रस्त्यावरून हिंडणारी आई नव्हे, आणि रक्त देताना ‘कशासाठी’ असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे सांगायला हजार पाने लागत नाहीत. परिचारिका होण्यासाठी आज त्या बाकांवर बसलेली विद्यार्थिनी उद्या अशाच एखाद्या डेबोराचे रक्त काढणार आहे. तिला सूत्री विभाजनाच्या अवस्था पाठ असाव्यातच. त्या पेशी कुणाच्या, हे विचारण्याची सवय तिला कोणत्या तासाला लागणार, याचे उत्तर अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी द्यायचे आहे. पोर्टलंडला ते देणे जितके जरुरीचे, तितकेच एखाद्या तालुक्याच्या गावी.